इसनाबाईच्या मक्यातली तूर

४ डिसेंबर २०१६

विसरलास ना! परवा एवढं सांगितलं आणि आज विचारलं तर कागद गप्प. रिंकीने मागचं पान उलटून वाचून दाखवलं तेव्हा कुठे तुला आठवलं. कागदा, तुझ्यापेक्षा माझी चांदी गाय बरी — तिला कोणी वाचून न दाखवता घर सापडते.

म्हणून पुन्हा सांगते, नीट ऐक. मी रामकली. गोंदियाकडे, दवनीवाड्याच्या अलीकडे आमचं गाव. अक्षर मला येत नाही. मी बोलते, नातसून रिंकी लिहिते. मी ‘मले’ म्हणते, ती ‘मला’ लिहिते. बारावी झालेली आहे, तिचीही हौस भागू दे.

धनलाल माझा लेक. त्याची पोरगी सोनिका. शेतकी कॉलेज शिकली आणि गेली आफ्रिकेत, मलावी नावाच्या देशात — तिथल्या बायांची माती सुधरवायला. इथली सगळी सुधरून झाली होती जशी!

आज तिचा फोन आला. आमच्याकडे अंगणात धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, चालू आणि तिकडे आता पाऊस लागणार. आपला संपला की त्यांचा सुरू. देवाकडे पंप एकच असेल.

तिथले लोक मका खातात. सकाळी मक्याचं, संध्याकाळी मक्याचं. एकाच जमिनीत दरसाल मका. जमीन लाल, रेताड, दमलेली. खताची थैली घ्यायची ऐपत नाही. शेणखत टाका म्हणावं तर गाई नाहीत, बकऱ्या आहेत. सोनिका त्या बायांना सांगते — मक्याच्या दोन ओळींमध्ये तूर लावा. मका कापला तरी तूर उभी राहते, पाला गळते, जमिनीत मुरते, पुढच्या साली मका वर उठते.

मी म्हटलं, ‘‘यात कालेजात शिकाचं का होतं वो? धानाच्या बांधीच्या कडेले, धुऱ्यावर तूर तर माझ्या सासऱ्याच्या बापानंही लावली.’’

‘‘आजी, धुऱ्यावर एक ओळ वेगळी. मी पूर्ण शेतात लावायले सांगून राहिली. बाया विचारतात, एवढी तूर घेईल कोण? त्या थोडी मीठ घालून उकडून खातात. बाकीचीचं काय करायचं?’’

मला हसू आलं. तूर घेईल कोण! पाणी पिईल कोण, असं विचारल्यासारखं. मी म्हटलं, ‘‘सांग त्याइले — आमच्याकडे बारशाले वरण, लग्नाले वरण, तेरवीले वरण. तुमी किती बी पिकवा बाई, आमाले कमीच पडन. माझं नाव घेऊन सांग!’’

६ डिसेंबर

तिने खरंच सांगितलं. नाव घेऊन! आंब्याच्या झाडाखाली बाया जमल्या होत्या, तिथे. (आंबा तिथेही आहे. मग सोनिका एवढ्या दूर गेली कशाला ते तिलाच माहीत.)

एक बाई उठून म्हणाली, ‘‘तुझी आजी खोटं बोलते का?’’

सोनिका म्हणाली, ‘‘थट्टा करते. खोटं नाही बोलत.’’

त्या बाईचं नाव एस्नात. माझ्या तोंडात बसत नाही. मी इसनाबाई म्हणते. नवरा दुसऱ्या देशात खाणीत कामाला गेला, तो तिकडचाच झाला. दोन पोरी आहेत. मक्यामध्ये दरसाल भुईमूग लावायची, त्यावर पोरींची शाळा चालायची. बाकीच्या बायांनी तुरीची एक-एक ओळ लावायचं कबूल केलं. हिने पूर्ण शेत दिलं. यंदा भुईमूग नाही — तूर.

सोनिका खुश. मीही खुश. माझ्या शब्दावर परदेशात पेरणी झाली. धनलाल तर माझ्या शब्दावर बैलही हाकलत नाही.

१४ जानेवारी २०१७

संक्रांत. तीळगूळ खाल्ला, गोड बोलायचं मात्र उद्यापासून.

मोबाईलवर इसनाबाईच्या शेताचा फोटो आला. मका गुडघ्याएवढा, मधून तुरीची रोपं — बारीक, जशी पाहुण्याच्या घरी पोरं कोपऱ्यात बसतात. रिंकीने बोटांनी मोठा करून दाखवला. इसनाबाई पण आहे त्यात. उंच, डोक्याला फडकं, हसत नाही. बरं आहे. पहिल्या भेटीत हसणाऱ्या बाईचा मला भरवसा नसते.

माती पाहिली. आमची नाही तशी. आमची धानाची जमीन काळी, पाणी धरून बसणारी. धान उभं असतानाच ओल्या चिखलात लाखोरी डाळीचं बी फेकतो, धान कापलं की ती वर येते. आता आमच्या बांधीत निळं निळं फूल पसरलं आहे. जमिनीला खाऊ घालायचं काम लाखोरी फुकटात करते. पण धनलालचा विश्वास युरियावर. पान पिवळं दिसलं की थैली. मी म्हटलं, ‘‘काऊन रे, लेकरू रडलं की दरवेळी साखरच चाटवशील का?’’

‘‘माय, तू गप राहा.’’

राहिली गप. चहा होईपर्यंत.

२६ फेब्रुवारी

यंदा तूर मुलखाची झाली. धुऱ्यावर झाली, वरच्या भरड तुकड्यात झाली, ज्याने लावली नाही त्याच्याही दारात उगवली असेल. सरकारी केंद्रावर ट्रॅक्टरांची रांग, आणि आत माल भरायला बारदाना नाही. धनलाल दोन दिवस रांगेत बसला. ट्रॅक्टरखाली झोपला. तिसऱ्या दिवशी कंटाळून गोंदियाला श्यामलाल सेठच्या आडतीत टाकून आला. भाव विचारू नको. घरी येऊन त्याने फक्त पाय धुतले, जेवला नाही.

श्यामलाल त्याला म्हणे, ‘‘भाऊ, गोदाम के चूहे भी तूर खा-खाकर थक गए.’’

नेमका संध्याकाळी सोनिकाचा फोन. इसनाबाईची तूर कंबरेला आली, सांगत होती. धनलालने फोन माझ्या हातातून घेतला.

‘‘बाहेरची तूर जहाजं भरून येते म्हणून आमची मातीमोल झाली. आन् माझीच पोरगी तिथं बसून तूर लावायले शिकवून राहिली! पगार भेटते ना त्याचा?’’

तिकडून काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. त्याने फोन खाटेवर टाकला.

१ मार्च

बाप-लेक बोलत नाहीत. सगळे निरोप माझ्यामार्फत. मी टपाल झाली — अक्षर न येणारं टपाल.

१५ मे

ऊन असं की चांदी गाय सावली सोडून हलत नाही. तिकडे हिवाळा लागून राहिला.

इसनाबाईचा मका कापला. आता शेतात एकटी तूर उभी. आणि तिथली रीत आपल्यासारखीच — पीक निघालं की जनावरं मोकळी. सगळ्या गावच्या बकऱ्या हिच्या तुरीवर!

सोनिकाने विचारलं, ‘‘आजी, काही उपाय?’’

उपाय? मी तर उपायांची थैली! म्हटलं, शेण पाण्यात कालव आणि कडेच्या झाडांवर शिंपड. आमची गाय शेणाचा वास आला की पानाला तोंड लावत नाही. सोनिकाने शेजारच्या गावातून शेण आणवलं — तिथे शेण विकतच आणल्यासारखं! — कालवलं, शिंपडलं. गाव बघायला जमलं.

२१ मे

बकऱ्यांनी खाल्लं. शेणासकट.

सोनिका हसत होती, पण मला राग आला. तिथल्या बकऱ्यांना वळणच नाही. रिंकी म्हणते, ‘‘आजी, गाय आन् बकरी सारखी असते का?’’ तिला म्हटलं, तू लिही.

इसनाबाईने मग काटेरी फांद्या आणून कुंपण केलं. दोन्ही पोरी शाळेतून आल्या की काठी घेऊन उभ्या. सोनिका म्हणते, ती माणसाला दोन चुका माफ करते.

एक झाली म्हणायची.

१८ जून

धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकले. पावसाने तोंड दाखवलं आणि पळाला.

तिकडे अजून एक गंमत. कापलेल्या मक्याची ताटं शेतात तशीच ठेवायची, म्हणजे कुजून जमिनीत जातील, असं सोनिकाचं सांगणं. पण तिथे दरसाल शेत पेटवतात. कशासाठी? उंदरांसाठी! आग लावली की उंदीर बिळातून निघतात, पोरं पकडतात, भाजून खातात. बाजारात काडीला टोचून विकायलाही असतात.

रिंकीने तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, वाकडं कशाला करतेस? तुझा सासरा धानाच्या भाऱ्याखाली उंदीर दिसला की काठी घेऊन धावते, ती काय आरती करायला? ते खातात, आपण फेकतो. दाणा दोघांचाही खाल्लाच त्याने.

इसनाबाईच्या भाच्याने आगपेटी काढली होती. ती शेताच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ‘‘पेटव,’’ म्हणे, ‘‘मावशीसकट.’’

पोरगा गेला दुसऱ्याच्या शेतात.

मला ही बाई आवडून राहिली आहे. धनलालला सांगितलं नाही.

२२ जुलै

धानाची रोवणी चालू. कंबर माझी नाही, कोणाची तरी उसनी आणल्यासारखी दुखते. मी काही रोवत नाही आता, धुऱ्यावर बसून बायांच्या ओळी वाकड्या काढते — म्हणजे वाकड्या आहेत असं सांगते. रोवणारी मंदाबाई म्हणाली, ‘‘आत्या, तुमी घरी राहिल्या तर ओळी आपोआप सरळ येतीन.’’ तिला संध्याकाळी जास्तीचा चहा दिला. चांगलं बोलली.

फोटो आला. इसनाबाईच्या तुरीखाली पिवळा पाला. जमीन दिसत नाही एवढा. मी धनलालला बोलावलं, ‘‘पाह्य.’’ त्याने पाहिलं नाही. पण रिंकीच्या मागून जाताना मान जरा लांब केली. मला दिसलं. डोळ्याला अक्षर कळत नाही, बाकी सगळं कळते.

शेंगा वाळायला लागल्या तिथे. तोडणी सुरू.

३० जुलै

इसनाबाईने पोती भरली. घरात झोपायला जागा नाही म्हणे. पोरी पोत्यांवर झोपतात.

८ ऑगस्ट

काल राखी. सोनिकाचा ओमेश्वरला फोन — तिचा भाऊ, आमच्या रिंकीचा नवरा. बहीण-भाऊ हसत होते. तेवढ्यात टीव्हीवर बातमी. सरकारने बाहेरून येणारी तूर रोखली. मोजकीच येऊ देणार, बाकी नाही.

धनलाल खाटेवरून उठून उभा राहिला. ‘‘आता! आता येईन अक्कल!’’ कोणाला येईल ते त्याने सांगितलं नाही. चौकात जाऊन आला, येताना जिलेबी आणली. मलाही दिली. मी खाल्ली. का नाही खाणार? माझ्या लेकाची तूर आहे, भाव यायला पाहिजे.

सोनिका अजून फोनवरच होती. ओमेश्वरने फोन ठेवला नव्हता. तिने सगळं ऐकलं — जिलेबीसकट.

२० ऑगस्ट

ट्रक आला नाही. तिथल्या बाजाराच्या गावात दरसाल व्यापाऱ्याचा ट्रक येते, तूर उचलते, बंदरावर नेते, तिथून जहाजाने इकडे. यंदा आला नाही. एक आला होता सायकलवाला. त्याने सांगितलेल्या भावात पोत्याची किंमतही निघत नाही.

सोनिका हळू बोलत होती.

‘‘आजी, इसनाबाई घरी आली होती माझ्या. बसली नाही. उभ्यानंच विचारलं, तुझी आजी म्हणाली होती ना, कमी पडेल म्हणून?’’

तूर मी रोज खाते, ते खरं. पण मी एक बुढी. किती खाणार?

२३ ऑगस्ट

ओमेश्वरच्या गाडीवर बसून मी गोंदियाला गेली. डोळे दाखवायचे, असं घरात सांगितलं. श्यामलाल सेठच्या आडतीत गेली.

म्हटलं, ‘‘सेठ, मलावीमध्ये एका बाईकडे तूर आहे. चांगली आहे, मी फोटो पाहिला. तुमी मागवा.’’

श्यामलाल आधी हसला. मग मला खुर्ची दिली, चहा मागवला. चांगला माणूस आहे, मापात मारते तेवढंच.

‘‘माताजी, उधर का माल मैं मँगाऊँगा, तो आपके धनलाल का कौन लेगा?’’

चहा पिऊन परत आली.

घरी धनलालने विचारलं, ‘‘का म्हणला डाक्टर?’’

‘‘म्हणे, दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं दिसते.’’

१७ सप्टेंबर

इसनाबाईने तूर तोडली. म्हणजे झाडंच. कुऱ्हाड घेऊन पूर्ण शेत, एका दमात. काड्यांचे भारे बांधून सरपणाला विकले. मुळं राहिली, जमीन दगडासारखी झाली होती तिथे. पाऊस पडल्यावर खणून काढते म्हणाली. पुन्हा तूर लावणार नाही. तुरीची पोती घरातच पडून, भुईमुगाचं बियाणं घ्यायलाही आता पैसे नाहीत. मोठी पोरगी शाळेतून घरी बसली आहे.

सोनिकाच्या सभेला आता बाया येत नाहीत. आंब्याखाली ती एकटी जाऊन बसते, म्हणे.

इसनाबाईने माझ्यासाठी निरोप दिला आहे. सोनिका सांगत नव्हती. मीच खोदून काढला.

‘‘आजीला सांग, कमी नाही पडली.’’

१८ सप्टेंबर

रिंकी पेन घेऊन बसली. परत निरोप काय पाठवू? जा, दूध तापव म्हटलं.

१५ ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर. धान पिवळं होऊन राहिलं. लाखोरी फेकून झाली. मजूर भेटत नाहीत, धनलालने स्वतः फेकली. युरियावाला धनलाल — पण लाखोरी सोडत नाही. हात त्याचे माझेच आहेत, डोकं कोणाचं आणलं कळत नाही.

सोनिकाला म्हटलं, ‘‘ये आता घरी. पुष्कळ झाली माती.’’

‘‘कोणत्या तोंडानं येऊ आजी? इथं त्यांची तूर बुडवली. तिथं बाबा म्हणतात, त्यांची बुडवली.’’

‘‘तोंड एकच आहे तुले, तेच घेऊन ये.’’

ती थोडी हसली. येत नाही म्हणाली. पावसापर्यंत राहते. मी पुष्कळ जोर दिला नाही. आमचे पुरखे माळवा सोडून इथे आले, ते काय सगळ्यांना विचारून आले असतील? तिथली माती त्यांनी सोबत आणली नाही. इथल्या चिखलाशी जुळवून घ्यायला त्यांनाही दोन-चार पिढ्या गेल्या. हिला एक साल झालं फक्त.

२६ नोव्हेंबर

धनलाल गोंदियाहून आला. मागच्या तुरीतलं एक पोतं भाव वाढेल म्हणून ठेवलं होतं, तेही श्यामलालकडे टाकलं. भाव वाढला नाही. सरकारने दार लावलं तरी नाही!

रात्री जेवताना तोच म्हणाला, ‘‘पुढच्या साली धुऱ्यावरची तूर काढून टाकतो, माय. कोणाच्या उपेगाची नाही.’’

मी म्हटलं, ‘‘वरण कायचं खाशील?’’

‘‘घरापुरती लावीन.’’

‘‘मग ती इसनाबाई काय येगळं म्हणून राहिली?’’

त्याने ताटातलं वरण भातावर ओतलं आणि खाल्लं.

१० डिसेंबर

तिकडे पाऊस लागला. इसनाबाईने मका पेरला. नुसता मका. सोनिका म्हणते, मी तिच्या शेतावरून जात नाही, दुसऱ्या वाटेने जाते.

२१ डिसेंबर

थंडी. शेकोटीजवळ बसून राहिली दिवसभर. काही सांगण्यासारखं नाही. रिंकी म्हणाली, ‘‘मग लिहू काय?’’ हेच लिही.

१३ जानेवारी २०१८

ऐक, ऐक! कागदा, सरळ बस!

सोनिका आज इसनाबाईच्या शेतावरून गेली. दुसऱ्या वाटेवर पूल वाहून गेला म्हणून, नाही तर गेली नसती. मका छातीएवढा. आणि मक्यामध्ये — तूर!

पेरली कोणी नव्हती. कुऱ्हाडीने तोडलेली जी खोडं जमिनीत राहिली होती, पाऊस पडल्यावर ती फुटली. प्रत्येक खोडाला हिरवे कोंब. मी सोनिकाला विचारलं, ‘‘मग इसनाबाईनं खणून काहाडले का?’’

‘‘नाही काढले.’’

‘‘काऊन?’’

‘‘मी नाही विचारलं, आजी. तीच शेतात होती. निंदत होती. तुरीच्या कोंबाभोवतालचं गवत काढत होती. मला पाहून म्हणाली, मी काही पेरली नाही. मी म्हटलं, हो. मग म्हणाली, बघत काय उभी आहेस, त्या ओळीला लाग. मी दिवसभर तिच्यासोबत निंदलं.’’

पेरली नाही. उपटलीही नाही. 

१४ जानेवारी

फोटो आला. मक्याचं पान गडद, काळपट हिरवं. शेजारच्या शेतातला मका त्याच फोटोत कोपऱ्यात दिसते — पिवळा, बारका. मी धनलालला बोलावलं नाही. रिंकीला म्हटलं, फोन खाटेवर ठेव आणि तू स्वयंपाकघरात जा.

तो आला, बसला. फोन उचलला. चष्मा शोधला. बोटांनी मोठा केला, लहान केला. पुष्कळ वेळ झाला. मग मला वाटलं तेच झालं — त्याने स्वतः फोन लावला. ‘कशी आहेस’ नाही, ‘बरी आहेस का’ नाही.

‘‘युरिया किती टाकला तिनं?’’

‘‘अर्धी थैली, बाबा, उधारीवर. शेजारच्यानं पण अर्धीच टाकली.’’

‘‘हं.’’

मग त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘‘उंदीर लागले का मक्याले?’’ त्याने विचारलं.

‘‘थोडे.’’

‘‘हं. कडेचं गवत साफ ठेवाले सांग तिले.’’

फोन ठेवला आणि सरळ शेतावर गेला. धुऱ्यावरच्या तुरीच्या शेंगा भरल्या आहेत. संध्याकाळी ओंजळभर तोडून आणल्या, उकडायला. काढून टाकायची गोष्ट बोलला नाही. 

३ फेब्रुवारी

सोनिकाच्या सभेला तीन बाया आल्या. इसनाबाई त्यात नव्हती. तिला निंदण होतं.

तिच्या मोठ्या पोरीच्या शाळेचं अजून ठरलं नाही. मका निघाल्यावर पाहू, असं आई म्हणते. मी रोज विचारते. सोनिका म्हणते, आजी, रोज विचारल्याने मका लवकर निघत नाही.

१८ फेब्रुवारी

सोनिकाच्या हापिसातले एक साहेब सुट्टीवर नागपूरला आले होते, ते परत चालले. बॅगेत थोडी जागा आहे, काही पाठवायचं तर पाठवा, असा त्यांचा फोन आला.

त्याच्या आधीच सोनिकाचा आला होता. इसनाबाईने विचारलं आहे. ट्रक यंदाही येणार नाही, तिला माहीत आहे. भावाबद्दल विचारलं नाही. विचारलं असं — ‘‘तुझे लोक बारशाला हेच खातात, लग्नाला हेच, मेल्यावरही हेच. आमच्या पोरी मीठ घालून उकडलेली दोन दिवस खातात, तिसऱ्या दिवशी ताट सरकवतात. तुझ्या आजीच्या घरची पोरं ताट काऊन सरकवत नाहीत?’’

(‘काऊन’ मी घातलं. ती तिच्या बोलीत बोलली असेल.)

धनलाल बाजूलाच होता. न सांगता उठला, कोठीतून आपल्या तुरीची डाळ काढली. निवडलेली, चांगली. पिशवी भरून रिंकीपुढे ठेवली. ‘‘हे देऊन द्या साहेबाले. तिच्यासाठी.’’

जिलेबी आणणारा हाच माणूस.

१९ फेब्रुवारी

धनलालची पिशवी मी रिकामी करायला लावली. रागावला. रागावू दे.

रिंकी, लिही, आणि लिहिलं तसंच बांध. लाल मिरच्या, उन्हात दाखवून. लसणाच्या दोन गड्ड्या. हळदीची पूड. जिरं, मोहरी, बी काढलेल्या चिंचेचा गोळा. हिंगाची डबी दोन पिशव्यांत गुंडाळ, नाही तर साहेबाच्या सदऱ्याला महिनाभर वास येईल. फोडणीची लोखंडी पळीपण टाक, माझीच टाक. डाळ एक दाणाही पाठवू नको — ती तिच्या शेतात उभी आहे.